‘शुद्ध’ लिहिलंय म्हणजे बोटं शाबूत आहेत असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे झिंक फिंगर प्रोटीनवर (जस्ताच्या आधाराने बोटांसारख्या घड्या पडलेलं प्रोटीन, त्या घड्यांनाच आम्ही बोटं म्हणतो) अर्ध्या पानाचा लेख आला होता, त्याबद्दल लिहितेय. खरं तर मी पत्रबित्र लिहिणाऱ्यातली नाही, पण झालं असं की काकांनी त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली विचारलं, "हे तुमच्या लॅबमधलंच ना गं? जस्ताच्या गोळ्या घेतोय मी, त्याऐवजी हेच घेतलं तर थेट फायदा होईल का?" आता यात काकांची काय चूक, लेखाशेजारी फोटोच गोळ्यांच्या पाकिटाचा होता. आणि मजकुरात "मानवी शरीरातून काढलेलं शुद्ध प्रोटीन आता संशोधकांसाठी उपलब्ध" असं वाक्य होतं. ते वाक्य आणि तो फोटो मिळून तीन गोष्टी गडबडल्यात आणि तिसरीने माझे स्वतःचे साडेतीन महिने खाल्लेत, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

पहिली गोष्ट, "मानवी शरीरातून काढलेलं". कुणाच्याही शरीरातून काही काढलेलं नसतं. हे प्रोटीन ज्या छोट्या ट्यूबमध्ये विकत मिळतं तिच्यावर "रिकॉम्बिनंट ह्युमन" लिहिलेलं असतं त्यातलं "ह्युमन" म्हणजे कृती माणसाची, बनवणारा दुसराच. माणसाच्या जीनची प्रत एका प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात बसवायची, ते कडं ई. कोलायसारख्या बॅक्टेरियात सोडायचं, मग तो बॅक्टेरिया मुकाट्याने आपलं प्रोटीन बनवत बसतो. कधी किड्याच्या पेशी वापरतात, कधी माणसाच्याच पेशी ज्या वर्षानुवर्षं बाटलीत वाढवल्या जातायत, आणि झिंक फिंगरच्या बाबतीत तर गव्हाच्या अंकुराचा अर्कसुद्धा बराच वापरला जातो, त्यात जिवंत पेशीच नसते, नुसती प्रोटीन बनवायची यंत्रणा असते. यात नवीन काहीच नाही. मानवी इन्सुलिन बॅक्टेरियात बनवलं ते १९७८ मध्ये आणि १९८२ पासून ते औषध म्हणून वापरात आहे. (गंमत म्हणजे इन्सुलिनलाही जस्त लागतं, सहा सहा रेणू एकत्र येऊन दोन जस्तांभोवती बसतात. पण ती वेगळी गोष्ट, तिथे बोटं नाहीत.)

दुसरी गोष्ट काकांची. इन्सुलिन औषध आहे, आमच्या फ्रीजरमधली ट्यूब औषध नाही. तिच्यावर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलं असतं आणि ते उगाच हात वर करायला छापलेलं नसतं. ते इंजेक्शनसाठी निर्जंतुक केलेलं नसतं, त्यात बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे असू शकतात जे रक्तात गेले तर ताप चढेल, आणि बनवतानाच ते माणसाला द्यायचं नाही हे गृहीत धरलेलं असतं. बरं, गिळलं तर पोटात त्याचं पचनच होणार, कुठल्याही प्रोटीनचं होतं तसं. आणि त्यातून जस्त किती मिळणार, तर पूर्ण ट्यूबमध्ये प्रोटीनच असतं दहा मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. डोळ्यांना नुसता पाण्याचा थेंब दिसतो, तोही ट्यूब उजेडात तिरकी धरली तर.

लेखात जीन एडिटिंगचाही उल्लेख होता, तिथेही सरमिसळ झालीय. झिंक फिंगर वापरून उपचार करायचा प्रयत्न झालाय हे खरं, बोटांना फोकवन नावाचं कापणारं एन्झाइम जोडून कात्री बनवतात, आणि २०१४ मध्ये एचआयव्हीच्या १२ रुग्णांवरचा अभ्यास आला होता ज्यात त्यांच्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशी) बाहेर काढून त्यातला सीसीआर५ जीन, ज्याच्या आधाराने एचआयव्ही पेशीत शिरतो तो, या कात्रीने कापून पेशी परत त्यांच्याच शरीरात सोडल्या. पण ती बोटं मुद्दाम डिझाइन केलेली, आणि प्रोटीनची ट्यूब कुणी कुणाला टोचली नाही, कात्री बनवायची कृती पेशींना दिली. आम्ही ऑर्डर करतो ते प्रोटीन वेगळं. ते माणसात आधीपासून असलेलं, ज्याला बऱ्याचदा धड नावही नाही, नुसतं झेडएनएफ आणि पुढे नंबर. अशी बोटंवाली सातशेच्या वर जीन माणसात आहेत आणि त्यातल्या कित्येकांचं नेमकं काम काय ते अजून कळलेलं नाही, म्हणून तर ट्यूब मागवायची.

आता तिसरी गोष्ट, "शुद्ध". इथे जरा वेळ लागेल, सांभाळून घ्या.

आधी ही बोटं म्हणजे काय ते सांगते कारण लेखात "प्रोटीनमध्ये जस्त असतं" एवढंच होतं. साधारण तीस अमिनो आम्लांची एक छोटीशी लांबी, माळेतले तीस मणी समजा. त्यात दोन ठिकाणी सिस्टीन आणि दोन ठिकाणी हिस्टिडीन, हे चौघं मिळून मध्ये जस्ताचा एक आयन धरतात आणि त्या धरण्यामुळे ती लांबी वळून बोटासारखी ताठ होते. तीस मणी ही इतकी छोटी लांबी आहे की जस्त नसेल तर तिला स्वतःहून घडी घालून उभं राहता येत नाही, ती सुतासारखी लोळत पडते. जस्त स्वतः डीएनएला हात लावत नाही हे लक्षात घ्या, ते नुसतं बटण आहे, पण बटण तुटलं की सदरा अंगावर राहत नाही. डीएनएच्या खोबणीत बोट शिरतं आणि साधारण तीन अक्षरं वाचतं, शेजारचं बोट पुढची तीन, असं करत ओळ वाचली जाते. पाव्हलेटिच आणि पॅबो यांनी १९९१ मध्ये तीन बोटांचं प्रोटीन डीएनएला धरलेल्या अवस्थेत क्रिस्टलमध्ये दाखवलं, ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरंच वाटलं की कुणीतरी दोरीवर बोटं फिरवतंय.

तर आम्ही अशा एका झेडएनएफची ट्यूब मागवली. नंबर सांगत नाही, कंपनीचंही नाव घेत नाही, कारण पुढे कळेल की दोष त्यांचा अर्धाच. ट्यूब ड्राय आइसमध्ये आली, डेटाशीट होती, त्यावर पूर्ण लांबीचं प्रोटीन, पुढे जीएसटी टॅग (पकडून वेगळं काढता यावं म्हणून जोडलेलं दुसरं प्रोटीन), बफरमध्ये म्हणजे प्रोटीन ठेवलेल्या द्रावणात ट्रिस आणि ग्लुटाथायोन, शुद्धता इतके टक्के, आणि पुरावा म्हणून जेलचा (जेलीसारख्या लादीतून विजेने पळवून प्रोटीन साइजप्रमाणे वेगळी करतात त्याचा) फोटो, त्यात एक सुंदर जाडजूड निळा पट्टा. मी खूश. सात बोटं होती त्याला आणि आमच्या मते ते प्रोटीन डीएनएच्या एका ठराविक तुकड्याला धरणार होतं. प्रयोग सोपा, जेल शिफ्ट म्हणतात. डीएनएचा तुकडा एकटा जेलमध्ये पळवला तर भरभर खाली जातो, प्रोटीनने त्याला धरलेलं असेल तर ओझ्याने मागे राहतो. मागे राहिलेला पट्टा दिसला की जिंकलो.

पट्टा दिसला नाही. प्रोटीन वाढवलं, नाही. मीठ कमी केलं, नाही. डीएनए नवीन मागवला, नाही. मधल्या काळात ट्यूब तीनदा वितळवून परत गोठवली, जे करूच नये, पण घाईत माणूस करतो. मग मी सरळ ट्यूबवर खापर फोडलं आणि कंपनीला कडक ईमेल लिहिली, त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं की जेलवर प्रोटीन बरोबर साइजचं आहे, सोबत तोच फोटो परत. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत फिरत होते.

एके दिवशी आमच्या सिनियर ताईने माझी वही हातात घेतली, बफरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे ईडीटीए कुणी सांगितलं घालायला?" कुणीच नाही. लॅबच्या जुन्या वहीतून प्रोटोकॉल उतरवला होता, त्यात एक मिलिमोलर ईडीटीए होतं, मी घातलं. ईडीटीए म्हणजे धातू पकडणारं रसायन, डीएनए कुरतडणाऱ्या एन्झाइम्सना मॅग्नेशियम मिळू नये म्हणून लोक ते डोळे मिटून प्रत्येक बफरात टाकतात. पण ते जस्तही पकडतं, आणि घट्ट पकडतं. ताईने तिथेच वहीच्या मार्जिनमध्ये हिशोब मांडला. प्रोटीन शंभर नॅनोमोलर, बोटं सात, म्हणजे जस्त सातशे नॅनोमोलर, म्हणजे ०.७ मायक्रोमोलर. ईडीटीए एक मिलिमोलर, म्हणजे हजार मायक्रोमोलर. एका जस्तामागे चौदाशेच्या वर ईडीटीए! एकेका बटणामागे चौदाशे चोर सोडले होते मी आणि वर विचारत होते की सदरा का पडला. आणि एवढ्यावर भागलं नाही, जेल ज्या टीबीई बफरात पळवत होते त्यातही ईडीटीए, अर्ध्या ताकदीने वापरलं तरी पुन्हा एक मिलिमोलर. सगळीच बोटं लगेच मोडतात असं नाही, काही चिवट असतात, डीएनएला आधीच धरून बसली असतील तर आणखी टिकतात, पण आमची सुटी होती आणि तासभर त्यात भिजत होती.

आता म्हणाल यात शुद्धतेचा काय संबंध. संबंध हा की इतके दिवस मी ज्या फोटोवर विसंबून बसले होते तो फोटो या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. एसडीएस जेल चालवताना काय करतात, प्रोटीनमध्ये एसडीएस नावाचं डिटर्जंट घालतात, सोबत गंधकाचे बंध तोडणारं रसायन, आणि पाच मिनिटं पंच्याण्णव डिग्रीला उकळतात. म्हणजे आधी प्रत्येक घडी मोडायची, मग लांबी मोजायची. त्यात जस्त असलेलं प्रोटीन आणि जस्त नसलेलं प्रोटीन अगदी एकाच जागी, एकाच निळ्या पट्ट्यात दिसणार. "नव्वद टक्के शुद्ध" याचा अर्थ ट्यूबमध्ये इतर प्रोटीनांची भेसळ फार नाही, बस. आहे ते प्रोटीन उभं आहे की लोळतंय, यावर तो फोटो चूप. आणि जस्ताला रंगही नाही हो, तांबं किंवा लोह असतं तर निदान ट्यूब निळसर तांबूस दिसून काहीतरी इशारा मिळाला असता.

मग कळतं कसं? कळतं, पण वेगळी टेस्ट लागते. प्रोटीन उलगडून जस्त मोकळं करायचं आणि त्यात पार नावाचा रंग घालायचा, तो आधी पिवळा असतो, जस्त भेटलं की नारिंगी-लाल होतो, किती लाल त्यावरून जस्त किती. किंवा धातू मोजणाऱ्या अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनच्या मशीनवर द्यायचं. हे काही आकाशातले तारे तोडणं नाही. पण माझ्या हातात आलेल्या डेटाशीटवर जस्ताच्या नावाने एक आकडासुद्धा नव्हता, आणि नावातच झिंक आहे त्या मालाची ही गत!

माझं तोंड बंद झालं ते ताईने पुढे सांगितलेल्या गोष्टीने. म्हणाली, अगं ही बोटं सापडलीच मुळी अशा गोंधळातून. केंब्रिजला आरॉन क्लुग (त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल आधीच, १९८२ मध्ये मिळालं होतं) आणि त्यांचा विद्यार्थी जोनाथन मिलर हे नखवाल्या आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशींमधून टीएफथ्रीए नावाचं प्रोटीन काढत होते, अंडपेशीत ते एका आरएनएला चिकटून ढिगाने साठवलेलं असतं. छापलेल्या पद्धतीने काढलं तर हातात फार थोडं यायचं, जोडी सुटायची. शोधल्यावर लक्षात आलं की बफरातली डीटीटीसारखी, गंधकाचे बंध तोडणारी रसायनं धातू ओढून घेतायत. धातूला न धरणारी रसायनं वापरल्यावर जोडी टिकली, मग धातू कोणता आणि किती ते मोजलं तर एकेका कणामागे सातपासून अकरापर्यंत जस्त निघाले. इतके जस्त कशाला लागतात म्हणून अमिनो आम्लांची रांग पाहिली तर साधारण तीस-तीसचा तोच नमुना नऊ वेळा. १९८५ मध्ये पेपर आला आणि हे चित्र सगळ्यांसमोर ठेवलं गेलं. म्हणजे त्यांच्या बफराने जस्त चोरलं, माझ्याही बफराने जस्त चोरलं. फरक एवढाच की त्यांनी बफरावर संशय घेतला आणि मी ट्यूबवर.

पुढे आम्ही ते प्रोटीन स्वतःच बनवायचं ठरवलं, फक्त बोटांचा भाग. तिथेही फजिती चुकली नाही. ई. कोलायला सदतीस डिग्रीला पळवलं तर सगळं प्रोटीन गोळा होऊन तळाशी, काही उपयोगाचं नाही. अठरा डिग्रीला रात्रभर ठेवलं आणि वाढीच्या पाण्यात झिंक सल्फेट घातलं तेव्हा कुठे विरघळलेलं मिळालं. मग मी अतिउत्साहात फॉस्फेट बफरातही जस्त घातलं आणि बाटली एका क्षणात दुधासारखी पांढरी, कारण झिंक फॉस्फेट विरघळतच नाही, शाळेत शिकलेलं. ट्रिस बफरवर आलो. डीटीटी जरा जास्त घातलं तर प्रोटीन वेगळं काढायचा निकेलचा निळसर कॉलम डोळ्यांदेखत तपकिरी. बरं डीटीटी अजिबात नको म्हणावं तर सिस्टीन एकमेकांत गंधकाचे बंध बांधून बसतात आणि मग जस्त धरायला हात मोकळे नाहीत, म्हणून टीसेप नावाचं दुसरं रसायन वापरलं जे धातूंशी त्यामानाने कमी भांडतं. आणि डीएनएला धरणं हाच या प्रोटीनचा धंदा असल्यामुळे ते बॅक्टेरियाचा डीएनएसुद्धा मिठी मारून सोबत घेऊन येतं, भरपूर मीठ घालून तो सोडवावा लागतो. हीदेखील अशी भेसळ आहे जी प्रोटीनच्या निळ्या पट्ट्यात दिसत नाही, २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाची रीडिंग (पहिला डीएनए जास्त शोषतो, दुसरा प्रोटीन) शेजारी शेजारी ठेवली तर दिसते.

शेवटी पट्टा मागे राहिला. जेल शिफ्ट झाली. जस्त मोजलं तर सात बोटांमागे साधारण साडेसहा. मी आनंदाने ओरडले, आणि मग आम्ही मुद्दाम त्याच प्रोटीनमध्ये ईडीटीए घातलं, पट्टा गायब, परत जास्तीचं जस्त दिलं, पट्टा थोडा परतला. तेव्हा पटलं.

मग कंपनीच्या ट्यूबचं काय? खरं सांगायचं तर तिच्यात जस्त होतं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मोजायला पुरेल एवढं मी शिल्लकच ठेवलं नव्हतं. म्हणून दोष त्यांचा अर्धा म्हटलं. डेटाशीटवर बारीक अक्षरात "अँटिबॉडी, ब्लॉट आणि इलायझासाठी" असं होतं, म्हणजे प्रोटीन नुसतं ओळखायच्या कामांसाठी, आणि त्या कामांना मोडलेलं प्रोटीनही चालतं, अँटिबॉडीला बऱ्याचदा एक छोटा तुकडा ओळखला की पुरतं. डीएनए धरेल असं त्यांनी कुठेही म्हटलं नव्हतं, मीच "शुद्ध" वाचून "चालू" समजले. पण मग "धरण्याची टेस्ट केलेली नाही" हे एवढं एक वाक्य ठळक अक्षरात लिहायला काय हरकत होती. आणि तो जीएसटी टॅग, सव्वीस किलोडाल्टनचं शेपूट, तो जोडीने राहतो, म्हणजे त्याला लटकलेली बोटंही दोन-दोनच्या जोडीत येतात, आणि उद्या कुणाला पट्टा दिसलाच तरी तो एकट्या प्रोटीनचा गुण की जोडीचा हे वेगळं तपासावं लागेल, नुसत्या जीएसटीचा कंट्रोल लावून आणि टॅग कापून. हेही डेटाशीटवर नाही.

तुमच्या लेखकावर राग नाही, मुळीच. मी लॅबमध्ये बसून साडेतीन महिने तीच चूक केली तर बाहेरच्या माणसाने "शुद्ध" शब्दाला भुलणं साहजिक आहे. पण पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल तर एवढं छापा की हे प्रोटीन माणसातून काढत नाहीत, माणसाला देत नाहीत, आणि "शुद्ध" हा शब्द त्यात आणखी कोण नाही एवढंच सांगतो. तो गोळ्यांचा फोटोही बदला. बोटाचं चित्र हवं असेल तर चार मण्यांनी धरलेलं एक जस्त काढून द्यायला मी तयार आहे, चित्रकला बरी आहे माझी.

काकांना मी हे सगळं, थोडं कमी करून, मेसेजवर लिहून पाठवलं. त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवलाय. कळलं म्हणून पाठवलाय की बोटांवर विनोद म्हणून, ते विचारायचं राहिलंय.

आपली,
एक नियमित वाचक (आणि बफर आता स्वतः बनवणारी)